पिसदुऱ्याचे दगड आणि लिलावातील सांगाडे

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात विहीर खणू लागले की काळा पाषाण लागतो, हे आपणांस ठाऊकच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हा थिजून हा पाषाण तयार झाला. त्याखाली त्याआधीची जमीन गाडली गेली. पूर्वेकडे नागपूर-चंद्रपूर भागात हा पाषाण विरळ होतो व ती जुनी जमीन कोठे कोठे उघडी पडते. तिला भूशास्त्रज्ञ लमेटा थर म्हणतात. डायनोसॉरचे अवशेष याच थरांत सापडतात.

या शोधांचा इतिहास मोठा आहे. १८२८ साली स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यास जबलपूरजवळ काही अश्मीभूत हाडे मिळाली. १८७७ मध्ये लिडेकर यांनी त्या प्राण्यास ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. पुढे ती हाडे नजरेआड झाली. २०१२ मध्ये त्यांतील शेपटीचा एक मणका कोलकात्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा सापडला. संग्रह सार्वजनिक होता, म्हणूनच हे शक्य झाले.

आपल्या विदर्भात हे काम नागपूरचे मिशनरी शिक्षक स्टीफन हिस्लॉप यांनी केले. १८६३ साली त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी वरोऱ्याजवळील पिसदुरा येथील जीवाश्म त्यांनी विद्वानांच्या नजरेस आणले होते. तेथे हाडांबरोबर प्राण्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळेही मिळतात. अशा दगडास कोण विचारील? परंतु वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रोमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन व अशोक साहनी या संशोधकांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांत गवताच्या पेशींत साठणारे सिलिकाचे कण आढळले. गवताचा प्रसार डायनोसॉर नाहीसे झाल्यावर झाला, असा तोवरचा समज होता. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने तो बदलला.

आता दुसरी बाजू पाहा. १९९७ साली अमेरिकेत ‘स्यू’ नावाचा सांगाडा लिलावात ८३ लाख ६० हजार डॉलरला गेला. शिकागोच्या फील्ड संग्रहालयाने देणगीदारांच्या साहाय्याने तो घेतला, म्हणून तो जनतेस पाहावयास मिळतो. २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथे एका स्टेगोसॉरसला ४ कोटी ४६ लाख डॉलर मिळाले. एवढी किंमत किती संग्रहालयांना परवडणार? २०१२ साली मंगोलियातून चोरून नेलेला सांगाडा अमेरिकेत लिलावात निघाला. मंगोलियाने हरकत घेतली, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये तो मायदेशी परतला.

पिसदुऱ्याच्या दगडाला लिलावात कोणी फारसे पैसे दिले नसते. तरी त्याने जगाला नवे ज्ञान दिले. कारण तो कोणत्या गावाच्या, कोणत्या थरातला हे ठाऊक होते. जागेची नोंद गेली की जीवाश्माचा काळ ठरविणे कठीण होते आणि साक्षीदार मुका होतो. चोरीछुपे होणाऱ्या विक्रीत ही नोंदच प्रथम नाहीशी होते.

म्हणून आपणांस एवढीच विनंती आहे. प्रवासात वा शेतात असा चमत्कारिक दगड दिसला तर तो उचलून घरच्या कपाटात ठेवू नका आणि कोणास विकूही नका. जागा लिहून ठेवा, फोटो काढा आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयास अथवा जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्राच्या प्राध्यापकांस कळवा. ही ठेव कोणा एकाची नाही. पुढे शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचा तिच्यावर हक्क आहे.