सौरपंपाचे पाच टक्के आणि सातबाऱ्याची अट

व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे विजेचे धोरणही होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी त्यांनी भूमिका मांडली : वीज स्वस्त आणि मुबलक हवी, त्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही.

आज ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. हा हक्क आहे, उपकार नव्हे. पण अर्जाला सातबारा आणि पाण्याचा स्रोत लागतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या आपल्या वस्तीत सातबारा किती जणांकडे आहे, मोजा! भूमिहीनाने मागायचे तरी काय?

१९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह म्हणूनच आजही संपलेले नाहीत. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नावाच्या सबळीकरण योजनेत भूमिहीनांना ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर बागायती जमिनीची तरतूद आहे. विहिरीसाठी कृषी स्वावलंबन योजना आहे. जमीन एका टेबलावर, विहीर दुसऱ्या, पंप तिसऱ्या!

आणि ज्याला शेतीच नाही, त्याच्या घरातल्या दिव्याचे काय? बांगलादेशात २००३ पासून सरकारी वित्तसंस्था इडकॉलने स्थानिक संस्थांमार्फत हप्त्यांवर घरगुती सौरसंच दिले. ते ४० लाखांहून अधिक घरांत पोचले.

म्हणून ग्रामसभेत दोन मागण्या मांडा : जमीन, विहीर, पंप यांसाठी एकच अर्ज, आणि भूमिहीनांच्या घरांसाठी तारणाविना, हप्त्यांवर सौरसंच. अनुदान सातबाऱ्यापाशी थांबले, तर अंधारही जातीनेच वाटला जाईल.

जय भीम!