आरमारी सेनापति फॅरागट व हिंगणघाटचा कापूस

वर्धा जिल्ह्याच्या इतिहासाचीं साधनें शोधणारा संशोधक प्रथम देवळीच्या राष्ट्रकूट ताम्रपटाकडे वळतो, मग पवनारचे अवशेष पाहतो, त्यापुढें नागपूरकर भोसल्यांच्या सनदांचे रुमाल सोडतो, आणि १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघूजी निपुत्रिक वारून पुढील वर्षीं राज्य खालसा झालें, येथें लेखणी खालीं ठेवितो. त्यानंतरचा काळ इंग्रजी कचेऱ्यांच्या अहवालांचा, त्यांत शोधावयाचें तें काय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. १८६२ त हा मुलूख नागपूर जिल्ह्यापासून तोडून निराळा जिल्हा करण्यांत आला. त्याच सालच्या एप्रिलांत अमेरिकेंत मिसिसिपी नदीवर एक आरमारी लढाई झाली. ह्या दोन गोष्टींमध्यें काळाच्या योगायोगापलीकडे कांहीं नातें आहे, तें दाखविण्याचा हा प्रयत्न आहे.

त्या लढाईचा नायक डेव्हिड फॅरागट ५ जुलै १८०१ रोजीं टेनेसी प्रांतांत जन्मला. बाप मिनोर्का बेटांतून आलेला दर्यावर्दी. १८०८ त आई पीतज्वरानें वारल्यावर डेव्हिड पोर्टर नामक आरमारी अधिकाऱ्यानें मुलाला आपल्या घरीं नेलें. मुलाचें मूळ नांव जेम्स. पालनकर्त्याच्या नांवावरून तो पुढें डेव्हिड झाला. १८१० च्या डिसेंबरांत, वयाचीं दहा वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं, तोंच तो आरमारांत उमेदवार म्हणून दाखल झाला. इंग्रजांशीं १८१२ सालीं सुरू झालेल्या युद्धांत पोर्टरच्या 'एसेक्स' जहाजावर असतां पकडलेलें एक जहाज बंदरास नेण्याचें काम त्यास बाराव्या वर्षीं मिळालें. आणि १८१४ च्या मार्चांत वाल्परैसो बंदराबाहेर 'एसेक्स' इंग्रजांच्या हातीं पडलें तेव्हां तोही कैद झाला.

ह्यानंतरचीं जवळजवळ पंचेचाळीस वर्षें थोडक्यांत सांगतां येतात. १८४१ त कमांडर, १८५५ त कॅप्टन, मध्यंतरीं कॅलिफोर्नियांत मेअर आयलंड येथील गोदीची उभारणी. शांततेच्या काळांत आरमारी माणसाची बढती कासवाच्या चालीनें होते. १८६१ त तो साठीस टेकलेला, बिनकामाचा कॅप्टन होता, आणि युद्ध झालें नसतें तर त्याचें नांव आज कोणी काढलें नसतें.

१८६१ च्या एप्रिलांत दक्षिणेकडील संस्थानें व उत्तर ह्यांमध्यें युद्ध पेटलें. फॅरागट जन्मानें दक्षिणी, त्याची बायको व्हर्जिनियाची, बिऱ्हाड नॉर्फोक गांवीं. व्हर्जिनियानें फुटून निघण्याचा ठराव करतांच त्यानें बायकामुलांसह गांव सोडलें व तो उत्तरेंत गेला. तेथें त्याच्या निष्ठेविषयीं संशय होता, म्हणून कांहीं महिने त्यास मोठें काम मिळालें नाहीं. १९ एप्रिल रोजीं अध्यक्ष लिंकननें दक्षिणच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली होती. किनारा सुमारें साडेतीन हजार मैलांचा, जहाजें अपुरीं. इंग्लंडला लागणाऱ्या कापसापैकीं सुमारें चार पंचमांश ह्याच किनाऱ्यावरून जात असे, आणि त्यांतलें सर्वांत मोठें बंदर न्यू ऑर्लिन्स होतें.

१८६२ च्या आरंभीं तें बंदर घेण्याची कामगिरी फॅरागटवर आली. शहराच्या खालीं नदीच्या दोहों कांठांस दोन किल्ले होते. पोर्टरचा मुलगा, म्हणजे फॅरागटचा मानलेला भाऊ, त्यानें सहा दिवस उखळी तोफांचा मारा केला, किल्ले पडेनात. तेव्हां फॅरागटनें किल्ले न घेतांच त्यांच्या माऱ्याखालून वर जाण्याचें ठरविलें. २४ एप्रिलच्या पहांटेच्या अंधारांत (आपल्या गणनेनें शके १७८४ चैत्र वद्य पक्षांत) 'हार्टफर्ड' ह्या आपल्या निशाणाच्या जहाजासह सतरा जहाजें त्यानें पुढें घातलीं. बहुतेक पार झालीं. त्यांतल्या एका बुडालेल्या जहाजाचें नांव 'वरुण' होतें. आपल्या वेदांतील जलदेवतेचें नांव मिसिसिपीच्या तळाशीं जावें हें वाचकांस चमत्कारिक वाटेल, पण तें खरें आहे. दुसऱ्या दिवशीं आरमार शहरापुढें आलें तेव्हां धक्क्यावर कापसाच्या गाठी जळत होत्या. शत्रूच्या हातीं पडूं नयेत म्हणून दक्षिणच्या लोकांनींच त्या पेटविल्या होत्या.

त्याच जुलैंत फॅरागट रिअर-ॲडमिरल झाला. अमेरिकन आरमारांत हें पद प्रथम त्यासच मिळालें. ५ ऑगस्ट १८६४ रोजीं मोबील उपसागरांत पाण्यांत पेरलेल्या सुरुंगांनीं त्याचें पुढचें चिलखती जहाज बुडविलें, तरी तो आंत शिरला. त्या वेळीं त्यानें काढल्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत. परंतु तोफांच्या गजरांत ते कोणी ऐकले, ह्याविषयीं जाणत्यांचें एकमत नाहीं, म्हणून आम्ही ते येथें देत नाहीं. १८६६ त तो ॲडमिरल झाला व १४ ऑगस्ट १८७० रोजीं वारला.

आतां हिंगणघाटाकडे येऊं. वेणा नदीच्या कांठचें हें गांव बणी जातीच्या कापसाची जुनी पेठ. धागा देशी कापसांत लांब व मऊ. रेच्यावर सरकी काढून रुईचे बोजे बैलांवर लादीत, आणि नागपूर प्रांताचा बराच माल लमाणांच्या तांड्यांनीं गंगाकांठीं मिर्झापुरास जाई. अमेरिकन कापूस आटतांच हा ओघ मुंबईकडे वळला. मुंबईचे अडते व दलाल पेठेंत उतरूं लागले. लोभानें मालांत सरकी, माती व पाणी मिसळण्याचा प्रकार इतका माजला कीं मुंबई सरकारास १८६३ त त्याविरुद्ध कायदा करावा लागला. १८६५ च्या एप्रिलांत दक्षिणच्या मुख्य सेनापतीनें शस्त्र ठेविलें, भाव कोसळले, आणि १ जुलैच्या वायद्यास मुंबईच्या कित्येक पेढ्या बुडाल्या.

सर्व श्रेय वा दोष एका फॅरागटचा, असें आम्ही म्हणत नाहीं. पहिल्या वर्षीं दक्षिणच्या मळेवाल्यांनीं इंग्लंडला पेंचांत धरण्यासाठीं आपण होऊनच कापूस रोखून धरला होता. आणि न्यू ऑर्लिन्सचा व्यापार पडावानंतर लवकरच खुला झाला, तरी कापूस फारसा आलाच नाहीं. परंतु दक्षिणचीं दोन सर्वांत मोठीं कापूस-बंदरें ज्यानें बंद केलीं तो हा पुरुष. जिल्ह्याची तीस सालांची जमाबंदी ह्याच दशकांत झाली, मालगुजारांस मालकी हक्क मिळाले, १८६६ त पालकवाडी खेड्याच्या जागीं वर्धा शहर वसलें, १८६७ त आगगाडी नागपुरास पोंचली. जमाबंदीचें काम पाहणारे रिव्हेट-कार्नाक साहेब पुढें मध्यप्रांत व वऱ्हाडचे कापूस कमिशनर झाले. नागपुराजवळ जुनापाणी येथील शिलावर्तुळें व त्यांच्या दगडांवरील वाटीसारखे खळगे ह्यांवर लिहिणारे ते हेच, म्हणून आमच्या वाचकांस त्यांची ओळख असेल.

साहेबांचे अहवाल छापील आहेत. फॅरागटचें चरित्र त्याचा मुलगा लॉयल ह्यानें १८७९ त बापाच्या टिपणांवरून लिहिलें. पुढें मॅहननें लिहिलें. दोन्ही बाजूंच्या आरमारांचीं कागदपत्रें तर अमेरिकन सरकारनें १८९४ ते १९२२ पर्यंत तीस खंडांत छापून काढलीं. 'हार्टफर्ड'वर कोणत्या घटकेस कोणती आज्ञा झाली तें आपण पुण्यांत बसून पाहूं शकतों. पण त्याच वर्षीं हिंगणघाटच्या पेठेंत बणीची खंडी काय भावानें गेली, कुणब्यास आगाऊ रक्कम किती व कोणत्या व्याजानें मिळाली, भाव पडल्यावर कोणाचें शेत कोणाच्या नांवें चढलें, हें सांगणारा कागद सावकाराची बही हाच. आपल्याकडे राजमुद्रेचा कागद जपतात आणि बह्या वजनावर विकतात. तेजी मुंबईस काय करून गेली हें सर्वांस ठाऊक आहे. ती शेतकऱ्यास काय देऊन गेली आणि काय घेऊन गेली, ह्याचा निवाडा मुंबईच्या कागदांवरून होणार नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, हिंगणघाट, आर्वी, देवळी, पुलगांव ह्या बाजूच्या जुन्या पेढ्यांतून शके १७८३ ते १७८७ च्या मोडी वह्या, अथवा मारवाडी पेढ्यांच्या संवत् १९१८ ते १९२२ च्या बह्या दृष्टीस पडल्यास त्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. वही मिळण्यासारखी नसेल तर निदान कार्तिक ते फाल्गुन ह्या महिन्यांचीं कापसाच्या खात्याचीं पानें, भाव व व्याजाच्या रकमांसह, उतरून घ्यावीं.