नागासाकी येथील इंग्रजीचा वर्ग

पाद्री आणि त्याची इंग्रजी शाळा ही जोडी महाराष्ट्रीय वाचकांस नवीन नाहीं. डॉ. जॉन विल्सन १८२९ सालीं मुंबईस आले, १८३२ सालीं त्यांनीं इंग्रजी शाळा काढली, आणि १८३९ सालीं तेथील दोन पारशी विद्यार्थी ख्रिस्ती होतांच शहरांत केवढी खळबळ उडाली, हें बहुतेकांनीं वाचलेलें असतें. या साऱ्या हकीकतींत एक गोष्ट आपण गृहीत धरून चालतों. शिकविणाऱ्याच्या पाठीशीं राज्यकर्त्यांची सत्ता होती आणि शिकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें सरकारी नोकरी होती. हा आधार काढून घेतला तर काय उरतें? पाद्री परक्या देशांत एकटा आहे, त्याचा धर्म स्वीकारणें हा त्या देशांत देहान्ताचा अपराध आहे, आणि लोकांस त्याच्याकडून हवी आहे ती केवळ त्याची भाषा. अशा स्थितींत तो काय पेरतो, आणि त्याचे शिष्य त्यांतून काय उचलून नेतात? हा प्रश्न काल्पनिक नाहीं. जपानांत गिडो व्हर्बेक नांवाच्या गृहस्थांच्या बाबतींत तो प्रत्यक्ष उपस्थित झाला होता.

व्हर्बेक ७ नोव्हेंबर १८५९ रोजीं नागासाकी बंदरांत उतरले. जन्म १८३० सालीं हॉलंडांतील झाइस्ट गांवीं, शिक्षण स्थापत्याचें, आणि वयाच्या बाविसाव्या वर्षीं अमेरिकेस प्रयाण. तेथें इंजिनियरचें काम करीत असतां पटकीनें ते मरणाच्या दारीं जाऊन आले. बरे झालों तर आयुष्य धर्मकार्यास देईन असा त्या दुखण्यांत त्यांनीं संकल्प केला, आणि तो पाळला. त्यांस निवडण्यांत अमेरिकेंतील डच पंथाच्या मिशनचा व्यवहारी हिशेबही होता. दोनशें वर्षांहून अधिक काळ जपानशीं व्यापार करण्याची मुभा युरोपीयांपैकीं केवळ डचांस होती. त्यामुळें पाश्चात्त्य विद्या शिकूं इच्छिणारा जपानी मनुष्य डच भाषाच शिके. डच जाणणारा पाद्री तेथें उपयोगी पडेल, हा अंदाज चुकीचा नव्हता. मात्र त्याचा काळ संपत आला होता. त्याच वर्षीं योकोहामा बंदर उघडलें तेव्हां फुकुझावा युकिची हा तरुण पंडित तेथें गेला, आणि कित्येक वर्षें घासून शिकलेल्या डच भाषेच्या जोरावर त्यास तेथील दुकानांवरील पाट्यादेखील वाचतां येईनात. हताश होऊन तो परतला आणि लगेच इंग्रजीच्या मागें लागला. साऱ्या देशांतील होतकरू तरुणांची थोड्याबहुत फरकानें हीच गत झाली. तेव्हां ज्यांनीं जपानांतील पहिल्या पिढीस इंग्रजी शिकविली, त्यांतील हा प्रमुख शिक्षक स्वतः इंग्रज नव्हता. इंग्रजी ही त्याचीही शिकून मिळविलेली भाषा होती. आमच्यासारख्या इंग्रजीच्या शिक्षकांस हें वाचून थोडें बरें वाटल्यास वाचकांनीं क्षमा करावी.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. पुढील जानेवारींत पहिली मुलगी झाली. एम्मा जापोनिका असें तिचें नांव ठेवलें. दोन आठवड्यांत ती गेली. ख्रिस्ती धर्म निषिद्ध असल्याचे सरकारी फलक चवाठ्यांवर उभे होते. धर्माची गोष्ट निघतांच समोरच्या माणसाचा हात नकळत आपल्या गळ्याकडे जाई, असें व्हर्बेक यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. तिकडे पूर्वेस कानागावा येथें डॉ. हेपबर्न व सॅम्युअल ब्राउन हे त्यांचे समानधर्मी एका बौद्ध देवळांत बिऱ्हाड करून राहत होते. हेपबर्न रोग्यांस औषध देत आणि त्यांच्या तोंडचे शब्द टिपून घेत. त्यांचा जपानी-इंग्रजी कोश १८६७ सालीं छापून निघाला. व्हर्बेकपाशीं औषधें नव्हतीं. होती ती भाषा. घरीं येतील त्यांस ती ते शिकवूं लागले, आणि १८६४ सालीं नागासाकीच्या सरकारी शाळेंतच त्यांची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. ज्या सरकारनें त्यांचा धर्म देहान्ताच्या शिक्षेखालीं ठेविला होता, तेंच सरकार आतां त्यांस वेतन देऊं लागलें.

वर्गांत वाचावयाचें काय? सागा संस्थानचे दोन बुद्धिमान तरुण, ओकुमा शिगेनोबु व सोएजिमा तानेओमि, यांच्याकडून त्यांनीं बायबलच्या नव्या करारांतील बराचसा भाग व अमेरिकेची संपूर्ण राज्यघटना वाचून घेतली. पाठ्यपुस्तकांची ही निवड ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. गुरूच्या मनांत पहिलें पुस्तक मुख्य असणार, याविषयीं शंका नको. शिष्यांनीं कोणतें मुख्य मानलें, हें लौकरच दिसून आलें.

१८६५ सालीं नागासाकीजवळील उराकामी येथें एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. अडीचशें वर्षें गुप्तपणें आपला कॅथॉलिक धर्म पाळीत आलेलीं शेतकरी कुटुंबें तेथें सांपडलीं. १८६७ सालीं त्यांची धरपकड सुरू झाली, आणि १८६८ सालीं राज्यक्रांति होऊन शोगुनशाही गेली तरी नव्या सरकारनें तेंच धोरण पुढें चालविलें. तीन हजारांहून अधिक माणसें गांवांतून उचलून दूरदूरच्या संस्थानांत हद्दपार केलीं. त्यांपैकीं सहाशेंहून अधिक तेथेंच मेलीं. परदेशी वकील संतापले. ब्रिटिश वकील सर हॅरी पार्क्स हे तर रागीटपणाबद्दल प्रसिद्धच होते. त्यांच्याशीं वाद घालण्यास १८६८ च्या वसंतऋतूंत ओसाका येथें जपानी सरकारनें ज्यास पुढें केलें, तो हाच तीस वर्षांचा ओकुमा. आपल्या प्रजेस आपल्या कायद्याप्रमाणें शासन करणें हा स्वतंत्र राष्ट्राचा अधिकार आहे, परकीयांनीं त्यांत हात घालूं नये, ही बाजू त्यानें इतक्या धीटपणें मांडली कीं त्या एका वादानें त्याचें नांव झालें. नवा करार गुरुमुखानें वाचलेला हा शिष्य त्या करारासाठीं छळ सोसणाऱ्या शेतकऱ्यांच्या विरुद्ध उभा होता, आणि सार्वभौमत्वाची जी परिभाषा त्याच्या हातीं होती ती पाश्चात्त्य विद्येंतूनच आलेली होती.

या प्रसंगावरून ओकुमास कृतघ्न ठरविणें सोपें आहे, पण तें मला न्याय्य वाटत नाहीं. पश्चिमेच्या गलबतांपुढें आपला देश कसा टिकवावा, ही त्याची विवंचना होती. शाळेंत तो तिचें उत्तर शोधावयास आला होता, आणि त्यास उपयोगी पडलें तें त्यानें घेतलें. हद्दपार झालेल्या शेतकऱ्यांचे हाल मात्र या समर्थनानें कमी होत नाहींत. व्हर्बेक यांनीं शिष्याशीं संबंध तोडले नाहींत, हें मला त्यांच्या चरित्रांतील सर्वांत मोठें कृत्य वाटतें. जून १८६९ मध्यें त्यांनीं एक टिपण लिहून गुपचूप ओकुमाच्याच हातीं दिलें. जपाननें एक मोठें शिष्टमंडळ अमेरिकेस व युरोपास पाठवावें, आणि तेथील राज्यपद्धति, शिक्षण व धर्मविषयक कायदे प्रत्यक्ष पाहावे, अशी त्यांत सूचना होती. दोन वर्षें तें टिपण पडून राहिलें. १८७१ च्या अखेरीस इवाकुरा यांच्या नेतृत्वाखालीं शिष्टमंडळ निघालें, आणि पश्चिमेच्या राजधान्यांतून उराकामीच्या शेतकऱ्यांविषयीं त्यास वारंवार जाब द्यावा लागला. फेब्रुवारी १८७३ मध्यें चवाठ्यांवरील फलक उतरले. ओसाका येथें पार्क्सच्या आवेशानें जें साधलें नाहीं, तें येथें निदान अंशतः एका शिक्षकाच्या टिपणानें साधलें.

मध्यंतरीं, १८६९ सालीं, सरकारनें व्हर्बेक यांस टोकियोस बोलावून घेतलें होतें. पुढें टोकियो विश्वविद्यालयांत विलीन झालेल्या शाळेचे ते मुख्य शिक्षक झाले. वैद्यक कोणाकडून शिकावें असें विचारलें असतां त्यांनीं जर्मनीचें नांव सुचविलें, यावरून त्यांचा निःपक्षपात दिसतो. हाताखालीं आलेले परदेशी शिक्षक मात्र तऱ्हेतऱ्हेचे होते. कोणी गलबतावरून उतरलेला खलाशी, कोणी दुकानांतला गुमास्ता. वर्गांत झिंगून येणारेही होते. इंग्रजी ज्याची जन्मभाषा तो इंग्रजी शिकविण्यास लायक, ही समजूत जुनीच आहे, आणि ती अद्याप गेलेली नाहीं.

मिशनच्या वहींत पाहिलें तर त्यांची जमा थोडी भरते. पहिल्या सात वर्षांतील ठळक नोंद म्हणजे मे १८६६ मध्यें सागा संस्थानचे एक अधिकारी मुराता वाकासा व त्यांचे बंधु यांस दिलेला बाप्तिस्मा, तोही चोरून. सरकारी काम सोडल्यावर शेवटचीं वीस वर्षें त्यांनीं प्रवचनांस आणि भाषांतरास वाहिलीं. स्तोत्रांच्या जपानी भाषांतरांत त्यांचा मोठा वांटा आहे. एव्हांना हॉलंडचें नागरिकत्व गेलेलें होतें, अमेरिकेचें कधीं मिळालेंच नव्हतें. अखेर १८९१ सालीं जपान सरकारनें त्यांस व त्यांच्या कुटुंबास देशांत कोठेंही राहण्याफिरण्याचा खास परवाना दिला. १० मार्च १८९८ रोजीं टोकियोंत ते वारले आणि आओयामा येथील दफनभूमींत त्यांस पुरलें. त्याच वर्षीं जून महिन्यांत ओकुमा शिगेनोबु प्रथमच जपानचे पंतप्रधान झाले.