कायमचा पत्ता: अठरा पूर्ण झाल्यावर अनाथ मुलं कुठे जातात?

या आठवड्याच्या भागाचा हा लिखित मजकूर, ज्यांना बसमध्ये इअरफोन सापडत नाहीत त्यांच्यासाठी.

सुरुवात माझ्या आजोबांच्या वाढदिवसापासून करतो. 1 जून. आजीचाही 1 जून. आमच्या किकवीत त्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस 1 जूनच निघेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली, तीच जन्मतारीख. आम्ही त्यावर हसतो, कारण त्या तारखेने त्यांचं फारसं काही बिघडलं नाही.

आता अशीच अंदाजाने ठरलेली तारीख तुमच्या डोक्यावरचं छप्पर काढून घेणार असेल तर?

इंजिनिअरिंगला आमच्या होस्टेलमध्ये एक मुलगा होता. दिवाळीत सगळे गावी पळायचे, हा तिथेच. एकदा मी म्हणालो, चल आमच्याकडे किकवीला. आला. आईने केलेलं उटणं बघून गप्प झाला. रात्री गच्चीवर सांगितलं, की तो एका संस्थेत वाढलाय (कुठल्या ते सांगत नाही). लहानपणी सापडला तेव्हा डॉक्टरांनी वयाचा अंदाज केला आणि त्यावरून जन्मतारीख लिहिली गेली. अठरा पूर्ण झाले त्या आठवड्यात त्याला पेटी भरायला सांगितली. "माझा वाढदिवस म्हणजे माझी एक्झिट डेट," म्हणाला.

यात कायद्याची गंमत बघा. बाल न्याय कायद्याचं कलम 94 सांगतं, की समितीने नोंदवलेलं वय हेच त्या कायद्यापुरतं खरं वय मानायचं. म्हणजे अंदाज कागदावर चढला की तो अंदाज राहत नाही.

म्हणून मी शोधायला बसलो, की आपल्याकडे या मुलांचं मोठेपणी काय करायचं याचा विचार कधीपासून झाला. वाटलं होतं, अलीकडचा असेल. तर नाही.

1850 साली कंपनी सरकारने एक कायदा केला, 19 क्रमांकाचा. विषय उमेदवारीचा, म्हणजे अप्रेंटिसशिपचा, आणि त्यात विशेष उल्लेख अनाथ आणि धर्मादाय पैशावर वाढलेल्या गरीब मुलांचा. दहा ते अठरा वयाच्या मुलाला करार करून कारागिराच्या हाताखाली द्यायचं, जास्तीत जास्त सात वर्षं, म्हणजे मोठेपणी त्याला पोट भरता येईल. करार संपायची वरची मर्यादा किती? एकवीस वर्षं. मुलीच्या बाबतीत लग्नापर्यंत. स्वस्तात राबणारे हात मिळावेत हाही हेतू त्यात असणारच, मी काही त्या सरकारचं कौतुक करत नाहीये. पण सतराव्या वर्षानंतर अठरावं येतं आणि तेव्हाही पोट असतं, हे त्यांना कळलं होतं. मग 1857 मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक शाळा आली. तिथेही सूत्र तेच: मुलाच्या हातात हुन्नर द्या.

हुन्नर ठीक आहे हो. पण माझ्या मित्राकडे बीटेकची डिग्री होती, तरी दिवाळीत जायला जागा नव्हती.

या बाबतीत मला सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट पुण्यातली आहे, आणि ती आपण अर्धीच वाचलेली असते. फुल्यांनी 1863 मध्ये आपल्या घराशी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं, हे शाळेत येतं. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत, त्याला जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतलं, हेही येतं. धडा तिथे संपतो. पण यशवंत मोठा होतो तेव्हा काय होतं?

1887 मध्ये जोतीराव मृत्युपत्र करतात आणि यशवंतला वारस म्हणून त्यात घेतात. रीतसर, कागदावर. 1889 मध्ये त्याचं लग्न करून देतात, सत्यशोधक पद्धतीने. 28 नोव्हेंबर 1890 ला जोतीराव जातात, तेव्हा यशवंत असेल सोळा-सतरा वर्षांचा. म्हणजे आज ज्या वयाच्या मुलांबद्दल आपण बोलतोय, बरोब्बर तेच वय. आणि अंत्ययात्रेत भाऊबंद अडवतात: हा दत्तक, याला टिटवं धरायचा हक्क नाही. तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवं हातात घेऊन पुढे चालतात. हा प्रसंग आपण स्त्रीमुक्तीचा म्हणून सांगतो, आणि तो आहेच. पण सोळा वर्षांच्या त्या पोराच्या जागी उभं राहून बघा. सगळे म्हणतायत तू आमचा नाहीस, आणि आई पुढे होऊन उभी राहते.

पैशाची चणचण असतानाही यशवंत शिकला, डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये त्याने पुण्याबाहेर दवाखाना उघडला आणि तिथे रुग्णांची सेवा करताना 10 मार्चला सावित्रीबाई गेल्या. ज्याला सांभाळलं, त्याच्याच दवाखान्यात शेवटी आई काम करत होती.

त्याच काळात पंडिता रमाबाई दुष्काळातल्या मुली गोळा करून केडगावला आणत होत्या. काही वर्षांत तिथली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. विणकाम, तेलघाणा, शेती, छापखाना, सगळं मुलीच चालवायच्या. अनेक जणी मोठ्या होऊन तिथेच शिकवायला लागल्या. याचा दुसरा अर्थही आहे: बाहेरच्या जगात त्यांना जागा नव्हती.

पुढे सरकार आलं. 1924 चा मुंबई बाल अधिनियम, 1927 मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी. आपलं भोर तेव्हा पंतसचिवांचं संस्थान, त्यामुळे मुंबई इलाख्याचा कायदा घाटाच्या या बाजूला आपोआप लागू नव्हता. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं आणि त्याच वर्षी नवा मुंबई बाल अधिनियमही आला. 1986 च्या केंद्रीय कायद्यात मुलगा सोळाव्या वर्षी मोठा धरला, मुलगी अठराव्या. 2000 मध्ये दोघांनाही अठरा, आणि त्यापुढे विसापर्यंत अनुरक्षणाची सोय. अनुरक्षण म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरचा आधार. 2015 च्या कायद्यात ती मर्यादा एकवीस, आणि 2016 च्या नियमांत अपवाद म्हणून तेवीस.

एकवीस! 1850 ला जिथे होतो तिथेच फिरून आलो.

त्यातही 2015 च्या कलम 46 ची भाषा बघा. अठरा पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या मुलाला आर्थिक मदत 'देता येईल' असं आहे, 'दिलीच पाहिजे' असं नाही. आम्ही कोड लिहिणारे लोक या फरकावर तासतास भांडतो. स्पेसिफिकेशनमध्ये 'मे' लिहिलं, की ते फीचर कुणीच बनवत नाही.

रक्कम सांगतो. मिशन वात्सल्यखाली अनुरक्षणासाठी महिना 4,000 रुपये. पुण्यात कॉट बेसिसवर राहून, मेस लावून, पीएमपीचा पास काढून यात महिना भागवून दाखवा. नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात राहणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, महिना 2,250 रुपये. तिला आता सावित्रीबाईंचं नाव दिलंय. तीही अठराला थांबते. ज्या बाईने सोळा-सतराव्या वर्षी पोराची बाजू धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही, तिच्या नावाची योजना अठराव्या वाढदिवशी थांबते, हे मला पचत नाही.

एक गोष्ट मात्र महाराष्ट्राने चांगली केली. 2018 मध्ये अनाथांना शिक्षण आणि सरकारी नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण दिलं. ते मागायला उभी राहिलेली तरुणी गोव्यातल्या अनाथालयात वाढलेली होती आणि अठराव्या वर्षी तिथून बाहेर पडून पुण्यात आली होती. तिची अडचण मार्कांची नव्हती, दाखल्याची होती. आईवडीलच माहीत नसतील तर जातीचा, उत्पन्नाचा दाखला आणायचा कुठून? म्हणून अनाथ प्रमाणपत्र महत्त्वाचं. आणि ते अठराच्या आत, संस्थेत असतानाच हातात आलेलं बरं. नंतर एकट्याने कचेऱ्यांचे हेलपाटे मारणं फार अवघड जातं.

पहिल्या नोकरीला जॉइन होताना मी फॉर्ममध्ये 'कायमचा पत्ता' या रकान्यात किकवी लिहिलं, दोन सेकंदांत. भाडेकरारात जामीन म्हणून काका. शनिवारी स्वारगेटवरून सातारा रोडची एसटी, येताना पिशवीत इंद्रायणी तांदूळ आणि लसणाची चटणी. बावीस-तेवीसपर्यंत मी याच्यावर जगलो आणि स्वतःला स्वावलंबी म्हणवत होतो. मित्राने त्याच रकान्यात कंपनीजवळच्या पीजीचा पत्ता लिहिला. तीन वर्षांत तो पाच वेळा बदलला, आणि प्रत्येक वेळी बँक, आधार, पॅन, सगळं नव्याने.

आता त्याच्या आधारवर आमच्या घराचा पत्ता आहे. आईने सरळ सांगितलं, तुमचं पत्र इथे येऊ द्या, मी ठेवीन. परवा त्याचं नवं एटीएम कार्ड किकवीला आलं. पोस्टमनने विचारलं हा कोण, तर आजोबा म्हणाले, आमचाच आहे, दे इकडे.

ऐकणाऱ्यांपैकी कुणी संस्थेत वाढलेलं असेल, किंवा तसं कुणी ओळखीचं असेल, तर अनाथ प्रमाणपत्र आणि अनुरक्षणासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज करायचा. अठराच्या आतल्या मुलांसाठी 1098 हा फोन नंबर आहे, फुकट लागतो.

पुढच्या भागात भोर संस्थानाच्या विलीनीकरणाची गोष्ट, बऱ्याच जणांनी मागितली होती. भेटू.