कान्हा, १९६५ : आवराआवरीचे दिवस

१९६५चा उन्हाळा तापू लागला आहे आणि तुम्ही कान्हातल्या एका बंगल्याच्या ओसरीवर उभे आहात. समोरच्या मैदानातलं गवत पिवळं पडलंय, पलीकडे सालाचं दाट जंगल आहे. मध्य प्रदेशातलं हे जंगल १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. व्याघ्र प्रकल्प यायला मात्र अजून आठ वर्षं आहेत. देशात वाघाच्या शिकारीवर बंदी नाही.

१९६३ पासून जॉर्ज शॅलर हा तरुण जीवशास्त्रज्ञ बायको आणि दोन लहान मुलांसह इथे राहतोय. बंदूक न घेता तो वाघांच्या मागावर फिरला. आता काम संपत आलंय, खोकी बांधायची आहेत.

एक पिशवी उघडा. आत वाघाची वाळलेली विष्ठा आहे. पाण्यात धुतली की केस, हाडांचे तुकडे, एखादा खूर वेगळा होतो. केस भिंगाखाली धरला की तो चितळाचा, सांबराचा की गावच्या गुराचा, हे कळतं. अशा पिशव्यांमधून कान्हाच्या वाघाचं जेवण उलगडलं आणि त्यात सर्वांत मोठा वाटा चितळाचा निघाला. पिशवीवरची चिठ्ठी तेवढी जपा. तारीख आणि ठिकाण गेलं, की आतला ऐवज मातीमोल.

आता हरणांचे जबडे. दाढ किती झिजली यावरून मेलेल्या जनावराचं वय काढतात. मग वह्या. डोळ्यांवरचे काळे पट्टे प्रत्येक वाघाचे वेगळे, त्यावरून शॅलरनं एकेक वाघ ओळखला. ओळखीचे वाघ एकाच शिकारीवर जेवतात, हेही त्यानं पाहिलं. वाघ पुरता एकलकोंडा, हा समज तिथेच ढिला पडला.

आवरता आवरता मैदानाकडे बघा. बारशिंग्यांचा कळप चरतोय. मध्य भारतातल्या कठीण जमिनीवर राहणारी ही हरणांची उपजात. १९३८ साली कान्हात तीन हजारांच्या आसपास होती, आता मोजकी उरली आहे. उद्यानात गावची गुरं चरतात, चोरटी शिकार चालते. हे सगळं वह्यांत उतरलंय.

आता वर्षं भराभर पुढे सरकू द्या. १९६७ साली या नोंदींचं ‘द डिअर अँड द टायगर’ हे पुस्तक होतं. १९७० साली बारशिंगे फक्त ६६ उरतात. मग गावं उद्यानाबाहेर वसवली जातात. मोकळ्या जमिनीवर उंच गवत येतं आणि त्यात पाडसं लपवायला माद्यांना जागा मिळते. कुंपण घालून काही जनावरं सांभाळली जातात. आज कान्हात हजाराच्या घरात बारशिंगे आहेत. गावं उठवण्याची किंमत माणसांनी मोजली, हेही विसरायचं नाही.

आधी कुणीतरी नीट मोजलं, लिहिलं, बांधून नेलं, म्हणून काय हरवतंय ते कळलं. कान्हाला जाल तेव्हा वाघामागे गाडी पळवण्याआधी गाईडला मैदानापाशी थांबायला सांगा आणि बारशिंगे निवांत बघा. तुमच्या गावाजवळ कुणी कासवं, पक्षी, बिबटे यांच्या नोंदी ठेवत असेल, तर मोसम संपताना त्यांच्या मदतीला जा. चिठ्ठ्या लिहायला माणसं लागतात.