तळटीप : वळिवड्याची पोलिश

पोलिश : लेखकाने हातकणंगल्याच्या फलाटावर ऐकलेली ‘गोऱ्या बायकांची, पण इंग्रजी नसलेली बोली’ ती हीच असावी. मिरज-कोल्हापूर लोहमार्गावर हातकणंगल्यानंतर रुकडी आणि मग वळिवडे लागते. तिथे 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतांश स्त्रिया व मुले होती. 1940-41 मध्ये पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेने सैबेरिया, कझाकस्तानकडे हद्दपार केलेले हे लोक इराणमार्गे इथवर पोचले होते.

पोलिश ही चेक, स्लोव्हाक यांची बहीण, पश्चिम स्लाव्ह शाखेतली. म्हणजे मूळ इंडो-युरोपीय कुळाने मराठीची दूरची नातलगच. लिपी रोमन, अक्षरे 32. नामांना सात विभक्ती असल्याने ती अनेक युरोपीयांना अवघड वाटते. आपल्याला विभक्तीचे नवल वाटू नये. शब्दातला आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अवयवावर पडतो. अनुनासिक स्वरही तिने जपले आहेत.

1795 ते 1918 पोलंड नकाशावर नव्हता. रशियन आणि प्रशियन अमलाखाली शाळांतून ही भाषा हटवली गेली, तरी ती घराघरांत टिकली. हा अनुभव गाठीशी असलेल्या समाजाने वळिवड्यात शाळा उभ्या केल्या, आणि त्या पोलिश माध्यमाच्या होत्या, यातच त्यांचे मोठेपण आहे.

या परिसरातील ज्या वृद्धांना त्या भाषेतले चार शब्द आठवत असतील, त्यांच्याकडून ते वाचकांनी आजच लिहून घ्यावेत. — संपादक