अवकाशातील जीवसृष्टी आणि डॉ. नारळीकर

पृथ्वीखेरीज अन्यत्र कोठे जीव असेल काय? आपल्या घरातील मुले रात्री आकाशाकडे पाहून हा प्रश्न सहज विचारतात. २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तलेल्या डॉ. जयंत नारळीकरांनीही तो मनापासून विचारला. त्यांच्या कार्यातील हा अध्याय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१९८८ साली पुणे विद्यापीठाच्या परिसरात ‘आयुका’ ही संस्था स्थापन झाली. नारळीकर तिचे संस्थापक-संचालक. त्यांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉईल यांचे मत असे की, जीवनाची बीजे धूमकेतूंबरोबर अंतराळातून पृथ्वीवर आली. शिष्याने हे मत पारखावयाचे ठरविले. इस्रोच्या साहाय्याने २००१ साली व पुन्हा २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून प्रचंड फुगा सोडण्यात आला. दुसऱ्या खेपेस २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली गेली. हैदराबाद व पुणे येथील प्रयोगशाळांनी ती स्वतंत्रपणे तपासली. जिवाणूंच्या १२ व बुरशीच्या ६ वसाहती आढळल्या. त्यांतील ३ जिवाणू विज्ञानाला सर्वस्वी नवे होते. २००९ साली त्यांची नावे जाहीर झाली. एकास हॉईल यांचे नाव देण्यात आले.

गुरूचे मत सिद्ध झाले, अशी द्वाही फिरविण्याचा मोह केवढा! परंतु हे जिवाणू पृथ्वीवरूनच वर गेले नसतील कशावरून? ते बाह्य अवकाशातून आल्याचे निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही, मात्र शोध पुढे नेण्यास उत्तेजन मिळाले आहे, असेच इस्रोच्या निवेदनात स्पष्ट म्हटले होते.

कल्पनेला मोकळे रान नारळीकरांनी आपल्या मराठी विज्ञानकथांत दिले. ‘प्रेषित’ हा शब्द आपल्या परिचयाचा. त्यांच्या त्या नावाच्या कादंबरीतील प्रेषित मात्र परग्रहाहून येतो. शाळकरी मुलांनी सही मागितली की ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा; उत्तराखाली सही मिळेल.

२०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आपल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. त्यानंतरच्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर होते. एक धर्मगुरू, एक शास्त्रज्ञ. मराठी वाचकांनी दोघांचाही सन्मान केला. व्हॅटिकननेही २००९ साली याच जीवसृष्टीच्या प्रश्नावर शास्त्रज्ञांची परिषद भरविली होती. सृष्टी किती विशाल आहे हे जाणून घेताना श्रद्धेने भिण्याचे कारण नाही.

म्हणून मुलांनी तो प्रश्न पुन्हा विचारला, तर ‘अद्याप ठाऊक नाही, शोध चालू आहे’, असे आपण निःसंकोच सांगावे.